दिवेलागणीचं विरजण

"परत वाच," आई म्हणाली.

ती म्हशीखाली बसली होती. चरवीत धारा पडत होत्या आणि मी गोठ्याच्या मेढीला टेकून माझा निबंध दुसऱ्यांदा वाचायला लागले. पंचगंगेवरून आलेलं धुकं गोठ्याच्या दारात घुटमळत होतं, आत यावं की नको असं करत.

"‘एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन देश होते. एकाचं नाव उगवती, दुसऱ्याचं मावळती. त्यांचे राजे सख्खे भाऊ होते आणि ते एकमेकांशी बोलत नसत. वकिलाती बंद झाल्या होत्या, व्यापार बंद झाला होता. पण एक दिवसाआड दुपारी, ऊन कलायच्या आत, मावळतीच्या राणीकडून उगवतीच्या राणीकडे एक वाटी यायची. वाटीवर हळदीचं पान असायचं आणि पानाखाली चमचाभर दही. दुसऱ्या दिवशी तीच वाटी उलट जायची...’"

धारा थांबल्या.

"राणी म्हणं," आई म्हणाली. "शेण काढणारी राणी कुठं बघितलीस गं?"

मी हसले. ती हसली नाही.

"हे सगळ्यांम्होरं वाचायचं?"

"व्हय. ज्यांचे निबंध निवडलेत त्यांनी स्टेजवर वाचायचेत. पालकांना संगं आणा म्हणून कळवलंय."

"आणि पालक म्हणून कोण जाणार?"

"बापू," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता तुम्हाला मुळापासून सांगते. मला उगवतीच्या देशात राहून मधूनच मावळतीच्या देशात भटकायची खोड आहे, तेव्हा गोष्ट इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या. आई मला तंद्रीबाई म्हणायची. पाणी तापायला ठेवून मी जाळाकडे बघत बसायची ती पाणी आटेपर्यंत.

बापू म्हणजे माझे वडील, आणि आण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. विहीर मात्र एकच, सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात बापूंचा ऊस वाळायला लागला आणि त्यांनी पाळी मोडून पाणी घेतलं. वाद गावाच्या बैठकीत गेला. पंचांनी आण्णांनाच विचारलं, "ज्ञानदेव, तू सांग. तुझ्या भावानं पाळी मोडली का?"

आण्णा म्हणाले, "मोडली."

एवढंच. आण्णा खोटं बोलत नसत. येतच नव्हतं त्यांना. माझ्या आत्याला बघायला पाहुणे आले होते तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, मुलगी स्वयंपाकाला कशी? आण्णा म्हणाले, भाकरी मधी कच्ची ऱ्हाते. पाहुणे चहा पिऊन जे गेले ते गेलेच. तर असा माणूस. पण बापूंच्या मनात ती "मोडली" जी रुतली ती रुतलीच. आल्यागेल्याला ते सांगायचे, "पाळी मोडली ती मोडलीच, मी कुठं नाही म्हणतोय? पण सख्ख्या भावासाठी एक, अवघं एक खोटं बोलला असता तर जीभ झडली असती का त्याची?"

त्या दिवसापासून दोन्ही घरांमधलं बोलणं बंद झालं. परसात भिंत घातली गेली. मी तेव्हा एवढीशी होते.

वाटणीत भांडी वाटली, म्हशी वाटल्या, पाटासुद्धा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे गेला. पण दह्याचं गाडगं एकच होतं. आई आणि आण्णांच्या बायकोनं, माझ्या काकीनं, ते अर्धं अर्धं केलं. काकीला आई आक्का म्हणायची. पुढं काकीच्या घरचं दही एकदा नासलं, तिनं पेरूच्या झाडाखालच्या भिंतीच्या खिंडारातून हळूच हाक मारली आणि आईनं विरजण दिलं. मग त्याची सवयच झाली. एक दिवस इकडचं तिकडे, एक दिवस तिकडचं इकडे. कुणाचं नासलं म्हणून नव्हे, नासू नये म्हणून. ती वाटी न्यायची-आणायची मी. काकीचा एक दंडक होता, आणि त्यात तिळभर फरक व्हायचा नाही. दिवे लागले की दही, मीठ, विरजण उंबऱ्याच्या बाहेर जायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते. एकदा मी खेळण्यात उशीर केला तर तिनं मला रिकाम्या वाटीनं परत धाडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गूळ-शेंगदाणे देऊन समजूत काढली होती.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आमच्या मगदूम बाईंनी वर्गात एक जाहिरात वाचून दाखवली. कोल्हापुरातलं एक विश्वमैत्री मंडळ तरुण लेखकांसाठी निबंध स्पर्धा घेत होतं. विषय होता आंतरराष्ट्रीय संबंध, आणि त्यात प्रश्न असा होता की दोन देशांचं बोलणं बंद झालं तर काय उरतं? ते दिवस अमेरिका-रशियाचे होते. बाईंनी फळ्यावर दोन गोल काढले. म्हणाल्या, "दोन देश भांडले, वकिलाती बंद झाल्या, तरी त्यांची अडलेली कामं एखादा तिसरा देश करतो. निरोप नेतो, निरोप आणतो. त्याला कुणाच्याच बाजूनं बोलायची मुभा नसते." आणि दोन गोलांच्या मधे त्यांनी खडूनं एक ठिपका दिला.

मी त्या ठिपक्याकडे बघत बसले. तास संपला, बाई गेल्या, मुलं डबे उघडायला लागली. मला कळलं होतं की तो ठिपका मी आहे.

घरी येऊन निबंध लिहिला तो एका बैठकीत. बापूंना म्हणाले, स्पर्धेत उतरलेय. ते म्हणाले, "नंबर काढलास तर कोल्हापूरला कॉलेजात घालतो. नाही तर तुझी आत्या स्थळ बघायलाच लागलीय." मला कोल्हापूर हवंच होतं. एसटी स्टँडवरून पुढं जाणारे ते रस्ते मला झोपेत दिसायचे. निबंध वाचायला लागेल आणि तो बापू ऐकतील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. लिहिताना मी ह्या गावात होतेच कुठं?

तर आई गोठ्यात धार अर्धी टाकून बसली होती. म्हैस मागं वळून बघायला लागली.

"बापूंना ठावं नाही ना आई? वाटीचं?"

"येडी का काय तू? रोज दही खातोय माणूस. त्याला चव कळत न्हाई व्हय?"

"मग झालं तर!"

"झालं न्हाई. ठावं असणं येगळं, आणि चारचौघांत कानानं ऐकणं येगळं." तिनं चरवी बाजूला ठेवली. "ऐकलं न्हाई तवर त्यांना काय बोलायला लागत न्हाई. ऐकलं की बोलायला लागंल. बोलले की बंद कर म्हणायला लागंल. तुझ्या बाच्या तोंडातनं एकदा बंद कर गेलं की मग मला बंद करावं लागंल, माले. आक्का तिकडं आणि मी इकडं. एवढी एक वाटी हाय गं आमच्यात."

आईच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते चुलीच्या धुरानं येतं तसलं नव्हतं.

"मी जातच न्हाई," मी म्हणाले.

"जायचं. शिकायचं न्हाई का तुला? जा, वाच. फकस्त दह्याचं पान गाळ."

ठरलं. पान गाळायचं. मी माझ्याजवळच्या प्रतीतून ते पान काढून चुलीत घातलं आणि ते काळं होऊन वर उडेपर्यंत बघत बसले.

स्पर्धेच्या दिवशी एसटीत बापू ड्रायव्हरमागच्या बाकावर बसले, मी त्यांच्याशेजारी. गाडी सुटणार एवढ्यात मागच्या दारातून धोतर सावरत आण्णा चढले आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. काकीनं धाडलं होतं त्यांना, पोरीचं कौतुक आहे, घरचं कुणीतरी जायला पाहिजे म्हणून. कंडक्टर आमच्या गावाला नवा होता. दोघांची नाकं बघून म्हणाला, "मामा, मागचे तुमच्यातलेच ना? तिकीट एकदम फाडू?"

"न्हाई!" बापू आणि आण्णा एका दमात म्हणाले. त्या दोघांना एका वेळी एकच शब्द बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

सभागृह मोठं होतं. खिडक्यांना रंगीत काचा होत्या आणि दुपारचं ऊन त्यातून फरशीवर हिरवं-तांबडं सांडलं होतं. पंखे इतक्या हळू फिरत होते की त्यांची पाती मोजता आली असती. बापू दुसऱ्या रांगेत फेटा सारखा करत बसले. आण्णा अगदी मागं, खांबाआड. माझ्या आधी एका मिसरूड फुटलेल्या मुलानं क्षेपणास्त्रं आणि तहांवर असं काही दणदणीत वाचलं की मला घरी पळून जावंसं वाटलं. मग माझं नाव पुकारलं.

मी वाचलं. दोन देश वाचले, भिंत वाचली, भांडण वाचलं, आणि दह्यावरून उडी मारून थेट शेवटाला आले. स्वतःच्याच कानाला ते कोरडं लागत होतं. टाळ्या पडल्या त्या पाहुण्यांच्या घरी हसतात तशा. बापूंनीही वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी नमस्कार करून वळले.

"थांब बाळ," परीक्षकांच्या टेबलामागून आवाज आला. देशिंगकर सर म्हणून निवृत्त प्राध्यापक होते, अगदी वाळकुडे, कानाला यंत्र लावलेले. "दह्याचं पान कुठं गेलं?"

मी परत त्यांच्याकडे वळले.

"हरवलं सर."

"हरवलं?"

"व्हय सर. एसटीत. वाऱ्यानं उडालं."

बापूंच्या डोळ्यांसमोर मी धडधडीत खोटं बोलले. सर मात्र हसले, आणि त्यांचं ते निर्मळ हसू बघून मला रडूच यायला लागलं. "अगं, मग घाबरतेस काय? तू पाठवलेली प्रत आहे ना माझ्याकडे!" त्यांनी फायलीतून माझाच निबंध काढला. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. "हे घे. ह्या पानासाठी तर तुला बोलावलंय आम्ही. वाच, सावकाश वाच."

मी काय करणार होते? चक्कर येऊन पडावं म्हटलं तर चक्करही येईना. मी पान हातात घेतलं. हळदीच्या पानाचं वाचलं, वाटीचं वाचलं. आणि मग ते आलं.

"‘ह्या देशातलं दही कुठलं आणि त्या देशातलं कुठलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मावळतीच्या राजाला ह्यातलं काही माहीत नाही असं मावळतीची राणी म्हणते. उगवतीच्या राजालाही कुणी काही सांगितलेलं नाही. तो रोज भाताशी दही खातो आणि वाटी निपटून बोट चाटतो.’"

सभागृह खदखदून हसलं. बापू हसले नाहीत. ते आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते. मागं खांबाआड आण्णांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"‘दोन देशांचं बोलणं बंद झालं तर काय उरतं, असं विचारलंय. एक चमचा उरतो. पण तो ठेवून दिला तर आंबून जातो. तो रोज कुणीतरी पलीकडे पोचवायला लागतो.’"

त्यानंतरच्या टाळ्या मला पाण्याखालून ऐकल्यासारख्या आठवतात. दुसरा नंबर आला. देशिंगकर सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांनी काय करून ठेवलंय! बापूंनी मला स्टँडवर भडंगाचा पुडा घेऊन दिला. गाडीत तेही पुढंच आणि आण्णाही मागंच.

आई दारातच होती. माझं तोंड बघून तिला सगळं कळलं.

बापू "बंद कर" म्हणाले नाहीत. आम्ही वाट बघत राहिलो. आणि मग आईनं जे केलं ते मी आजवर विसरलेले नाही. तिनं होतं नव्हतं तेवढं दही घुसळलं, ताकाची कढी केली, गाडगं राखेनं स्वच्छ घासलं आणि पालथं घातलं.

दुसऱ्या रात्री बापूंनी भात कालवायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

"दही?"

"विरजण न्हाई."

"मग आण की कुणाकडनं."

"दुसऱ्या घरचं विरजण ह्या घरात यायचं न्हाई," आई म्हणाली. बापूंपुढं इतका वेळ मान वर करून बोललेली मी तिला कधी बघितली नव्हती. "आणि जिथलं यायचं, तिथनं मी आणायची न्हाई. आजवर मी चोरून आणलं, तुमी चोरून खाल्लं. आता चव्हाट्यावर आलंय. ज्याचं भांडण हाय त्यानं जावं. आणि पोरीला धाडायचं न्हाई."

बापूंनी भात आमटीशी खाल्ला आणि उठले.

असे बरेच दिवस गेले. घरात दूध असे, साय असे, दही नसे. दुपारी पेरूखाली काकीच्या बांगड्या वाजायच्या. ती खिंडारापाशी वाटी घेऊन उभी राहायची आणि मी खिडकीतून तिच्या लुगड्याचा काठ बघायची. मग ती निघून जायची. तिकडं आण्णांच्या ताटात दही वाढलेलं असायचं आणि ते त्याला बोट लावत नसत, हे काकीनं पुढं सांगितलं. मला कोल्हापूर मिळालं होतं आणि त्याचा आनंद कणभरही होत नव्हता. रात्री मला स्वप्नात तो फळा दिसायचा, खडूचे दोन गोल, आणि मधला ठिपका कुणीतरी हातानं पुसलेला.

एक दिवस बापू शेतावरून आले, पाय धुतले, सोप्यात दोन येरझाऱ्या घातल्या. बाहेर उजेड निळा पडत चालला होता. चुलींचा धूर खालीच तरंगत होता आणि गाव त्यात अर्धं बुडालेलं. बापू स्वयंपाकघरात आले, फळीकडे बघितलं, आणि त्यांनी तांब्या उचलला.

विरजणाला तांब्या! चमचाभर दह्याला! त्या माणसानं जन्मात कधी विरजण आणलं असतं तर ना. आईनं तोंडाला पदर लावला. बापू खिंडाराकडे गेले नाहीत. ते पुढच्या दारानं बाहेर पडले आणि रस्त्यानं, सगळ्या आळीच्या देखत, आण्णांच्या दाराकडे चालायला लागले.

आणि आईनं एकदम माझा दंड धरला. "अगंबाई! माले, दिवे लागले की गं!"

खरंच लागले होते. ते त्यांना कुठून माहीत असणार? पुरुषांच्या ध्यानात ह्या गोष्टी नसतात. हाक मारावी तर रस्त्यावर हाक मारून परत बोलावणं म्हणजे सगळंच संपलं. आणि काकीचा दंडक मला ठाऊक होता. तिनं मला परत धाडलं होतं, एवढ्याशा पोरीला. आज त्या दारातून बापू रिकामे परत आले तर ते पुन्हा त्या उंबऱ्याशी मेले तरी जाणार नाहीत. मी धावले आणि आण्णांच्या जोत्याच्या कोपऱ्याशी उभी राहिले. पुढं जायची हिंमत होईना.

काकीच्या दाराजवळच्या देवळीत समई तेवत होती. वारा नव्हता, ज्योत सरळ उभी होती. आण्णा आत बाजेवर बसले होते. बापू पायरीखाली उभे, हातात तांब्या.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज फाटला, परत म्हणाले, "वहिनी, विरजण पायजे हुतं."

काकी दारात आली आणि तिथंच खिळली. तिनं बापूंकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, देवळीकडे बघितलं. तिचे ओठ हलले. इतक्या वर्षांनी दीर दारात आलेला, आणि हात पुढं करावा तर घरची लक्ष्मी जाते. कुठल्या देवाला विचारावं तिनं?

"भावजी," ती अगदी हळू म्हणाली, "दिवा..."

पुढचं तिला बोलवेना. बापूंना दिव्याचं काही कळलं नाही. त्यांना फक्त नाही म्हणायला अडखळणारं माणूस दिसलं.

"बरं," ते म्हणाले आणि वळले.

"दिवा कुठं लागलाय अजून?"

आण्णांचा आवाज होता. ते बाजेवरून उठून दारात आले होते आणि समईचा उजेड त्यांच्या निम्म्या तोंडावर पडला होता.

"अजून दिवा लागला न्हाई," आण्णा परत म्हणाले, सरळ ज्योतीकडे बघत. "दे त्याला विरजण."

काकी नवऱ्याकडे बघतच राहिली. तिनं संसार केला त्या माणसाशी, पण हा आवाज तिनंही ऐकला नसावा. बापू थांबले. त्यांनी समईकडे बघितलं, मग आण्णांकडे. कितीतरी वेळ बघत होते.

"व्हय," बापू म्हणाले. "उजेड हाय अजून."

आणि ते पायरी चढले. मी कोपऱ्यातून बघत होते. दिवा लख्ख जळत होता, आणि आण्णांची जीभ काही झडली नव्हती.